ब्लूजसाठी साधा, खिशाला परवडणारा लूप पेडल: कोणता घ्यावा?

निळी_तार

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, बहुतेक वेळ घरी, एकटाच. साथीला कुणी नसल्यामुळे इतकी वर्षं बॅकिंग ट्रॅक लावून सोलोचा रियाज चालला. आता त्याचा कंटाळा आलाय. ट्रॅकमधली साथ कधी माझं ऐकत नाही, आणि सगळं तयार मिळत असल्यामुळे रिदमचा हात कच्चाच राहिलाय. लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवणारा पेडल, घेतला तर साथही मलाच वाजवावी लागेल, म्हणून तो हवाय.

गरज अगदी मोजकी आहे. बारा बारचं (ब्लूजच्या ठरलेल्या बारा मापांचं) एक आवर्तन रेकॉर्ड करायचं, ते फिरत ठेवायचं आणि वर सोलो वाजवायचा. कधीमधी चार लोकांसमोर वाजवायचा प्रसंग येतो. ९९ मेमरी, कॉम्प्युटरला जोडणी, उलटं वाजवणं यातलं काहीही नको. अ‍ॅम्प छोटा, ट्यूबचा आहे, त्याला इफेक्ट्स लूप (पेडल मध्येच जोडायची मागची जोडणी) नाही. पुढे एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारा पेडल, बस्स.

एक बटण पुरेल की दोन हवीत? किती मिनिटांचं रेकॉर्डिंग लागतं? ओव्हरड्राइव्हच्या आधी लावायचा की नंतर? आणि माझा एक मित्र हार्मोनिका वाजवतो, त्यालाही हाच पेडल चालेल का?

सरळसोट

टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो किंवा बॉसचा आरसी-१. दोन्ही साधे आहेत. यातला जो स्वस्तात मिळेल तो घ्या आणि वाजवायला बसा.

पायठेका

सरळसोट यांनी सांगितलेले दोन्ही पेडल चांगलेच आहेत, पण ब्लूजवाल्याने निवडताना काय बघायचं ते जरा सविस्तर लिहितो.

आधी मिनिटांचं बघू. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं आणि आपल्याला त्याचाच सगळ्यात कमी उपयोग. बारा बार, प्रत्येकात चार ठोके, म्हणजे ४८ ठोके. मिनिटाला १२० ठोक्यांच्या शफलला (ब्लूजच्या झुलत्या ठेक्याला) एक आवर्तन २४ सेकंदांत संपतं. अगदी संथ, १२/८ मधला ब्लूज मिनिटाला ६० च्या लयीत वाजवला तरी ४८ सेकंद. डिट्टोत ५ मिनिटं मिळतात, म्हणजे त्या संथ लयीतही सहा आवर्तनं मावतात. आरसी-१ मध्ये १२ मिनिटं आहेत, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या नॅनो लूपर ३६० मध्ये नावाप्रमाणे ३६० सेकंद. यातला कुठलाही घेतला तरी आवर्तन मध्येच तुटायचं नाही. पूर्वी ही गोष्ट खरोखर अडायची. १९९९ मध्ये आलेल्या लाइन ६ च्या डीएल-४ मध्ये १४ सेकंदांचाच लूप होता. तेवढ्यात बारा बार बसवायचे तर मिनिटाला दोनशेच्या वर लय न्यावी लागेल. आज स्वस्तातल्या स्वस्त पेडललाही ही अडचण नाही, तेव्हा मिनिटांसाठी जादा पैसे मोजू नका.

मोजायचेच असतील तर थांबवण्याच्या बटणासाठी मोजा. एका बटणाच्या पेडलवर साधारण असं चालतं: पहिल्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की लूप वाजू लागतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर नवा थर चढायला लागतो. थांबवायला लागोपाठ दोनदा दाबायचं, आणि शेवटचा थर पुसायला दाबून धरायचं. म्हणजे चार-पाच कामं एकाच पायाखाली. घरी चालून जातं. लोकांसमोर गाण्याचा शेवट नेमक्या ठोक्यावर व्हायला हवा असतो, तिथे ते दोनदा दाबणं फार नडतं.

माझं मत विचाराल तर दोन बटणांचा घ्या. डिट्टो एक्स-२ किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ७२० बघा. डाव्या-उजव्या पायाचं काम वेगळं झालं की डोकं वाजवण्यात राहतं.

निळी_तार

पायठेका, मनापासून धन्यवाद. दोनदा दाबून थांबवण्यात नेमकं काय नडतं ते नीटसं कळलं नाही. पटकन टक-टक केलं की झालं ना?

जुना_शफल

मी एका बटणाचाच वापरतो आणि त्यावरच समाधानी आहे, म्हणून याचं उत्तर मी देतो.

दोन दाबांपैकी पहिल्या दाबाला पेडलला कळत नाही की तुम्हाला थांबायचंय. त्याच्या दृष्टीने तुम्ही नवा थर चढवायला सुरुवात केली. दुसरा दाब लगोलग आला की मग तो थांबतो. म्हणजे लूप बंद पडतो तो दुसऱ्या दाबाला. सवय नसलेला माणूस पहिला दाब समेवर देतो, आणि समेच्या पुढे लूपचा एक तुकडा लोंबत राहतो. ऐकणाऱ्याला तो लगेच खटकतो.

उपाय सोपा आहे. पहिला दाब समेच्या अर्धा ठोका आधी, दुसरा बरोबर समेवर. शफलमध्ये ठोक्याचा तिसरा भाग म्हणजे आपली उचल असतेच, पहिला दाब त्या उचलीवर द्यायचा. ‘ट-धा’ असं तोंडाने म्हणत पाय मारून बघा. फक्त त्या अर्ध्या ठोक्यात तारांना हात लावायचा नाही, नाहीतर तो आवाज थरात जाऊन बसतो आणि लूप पुन्हा सुरू केला की ऐकू येतो.

आठवडाभर रोज थोडा वेळ दिला की पायात बसतं. कमी पैशांत काम भागवायचं असेल तर एक बटण पुरतं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय आरसी-१ ला बाहेरून वेगळा फूटस्विच जोडून थांबवण्याचं काम त्यावर टाकता येतं. आधी पेडल घ्या, अडलं तर नंतर स्विच घ्या.

पायठेका

बाहेरचा फूटस्विच घेतला की दोघांची किंमत दोन बटणांच्या पेडलजवळ जाऊन पोचते, एवढं फक्त ध्यानात ठेवा. बाकी उचलीवर पहिला दाब, हे शंभर टक्के बरोबर. तंत्र सुंदर सांगितलंत.

काचनळी

जागेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि निळी_तार यांच्याकडे ट्यूबचा अ‍ॅम्प आहे म्हणताहेत, तेव्हा ते आधी ऐका.

लूपर ओव्हरड्राइव्हच्या नंतर, साखळीच्या शेवटी. कारण समजून घ्या म्हणजे कधी नियम मोडायचा तेही कळेल. लूपरमधून बाहेर पडताना साथ आणि सोलो एकाच तारेतून जातात. पुढे ओव्हरड्राइव्ह असेल तर दोन्ही मिळून त्यावर आदळतात. दोन वेगळे आवाज एकत्र विरूपित झाले की मधल्या सुरांचा गाळ तयार होतो, आणि सोलोचा जोर वाढवावा तसा साथीचा आवाज आकसतो. ओव्हरड्राइव्ह लूपरच्या आधी असेल तर साथ स्वच्छ रेकॉर्ड करून मग सोलोसाठी तो चालू करता येतो. रेकॉर्ड झालेल्या साथीला मग काही होत नाही.

आता खरी अडचण. तुमचा छोटा ट्यूबचा अ‍ॅम्प स्वतःच आवाज फाडत असेल, म्हणजे व्हॉल्यूम चढवून त्याचाच ओव्हरड्राइव्ह तुम्ही वापरत असाल, तर लूपर कुठेही लावला तरी तो त्या फाटण्याच्या आधीच येणार. इफेक्ट्स लूप असता तर पेडल तिथे टाकता आला असता. फेंडरच्या ब्लूज ज्युनिअरसारख्या ब्लूजवाल्यांच्या लाडक्या अ‍ॅम्पलाही तो नसतो, म्हणजे तुम्ही एकटे नाही. यावर मार्ग एकच: अ‍ॅम्प स्वच्छ ठेवायचा, जेमतेम काठावर, आणि फाटका आवाज पेडलकडून घ्यायचा. अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज सोडावा लागतो याचं मलाही वाईट वाटतं, पण लूपरबरोबर याला दुसरा इलाज नाही.

ज्यांच्या अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप आहे त्यांनी एक तपासून घ्यावं. काही अ‍ॅम्पच्या त्या जोडणीत सिग्नल पेडलला झेपेल त्याहून बराच मोठा असतो, आणि मग लूप खरखरीत रेकॉर्ड होतो.

वीजपुरवठ्याकडेही दुर्लक्ष नको. लूपर डिजिटल असतो, त्याला अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्हपेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो. डिट्टोसारख्या लहानग्यालाही १०० मिलिअ‍ॅम्पियर. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून वायरींचा हार करून ओव्हरड्राइव्ह आणि लूपर दोन्ही चालवले की बरेचदा बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. तो गिटारचा दोष समजून लोक पिकअप बदलायला निघतात. लूपरला स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर द्या, शिट्टी जाते. आणि बॅटरीच्या भरवशावर राहू नका. बऱ्याच लहान लूपरांत बॅटरीची सोयच नसते.

दहा_छिद्रं

मी हार्मोनिकावाला, तेव्हा तुमच्या मित्राच्या वतीने लिहितो.

चालेल, पण माइक कुठला आहे त्यावर ठरेल. गिटारचे पेडल गिटारच्या पिकअपसाठी बनवलेले असतात, त्यांना जास्त इम्पिडन्सचा (विद्युत अवरोधाचा) सिग्नल हवा. शुअरचा ५२०डीएक्स, ज्याला सगळे ग्रीन बुलेट म्हणतात, तो तसाच आहे. त्याला गिटारसारखा पाव इंची प्लग असतो, मुठीत धरतानाच फिरवता येईल असा व्हॉल्यूमही असतो. तो सरळ पेडलमध्ये खोचायचा. गाण्याचा साधा डायनॅमिक माइक असेल तर मध्ये इम्पिडन्स बदलणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. एका टोकाला माइकची वायर, दुसऱ्या टोकाला पाव इंची प्लग, एवढीशी नळी असते. तिच्याशिवाय आवाज पातळ आणि बारीक येतो.

साथ काय वाजवायची हेही सांगतो, कारण हार्मोनिकावर बारा बारचं आवर्तन गिटारसारखं सरळ बसत नाही. सी ची हार्मोनिका घेऊन जी मध्ये ब्लूज वाजवताना १ ते ४ छिद्रं ओढली की अख्खी जी कॉर्ड मिळते. २ ते ५ ओढली की जी-सेव्हन. जी पासून चौथ्या सुरावरच्या कॉर्डसाठी फुंकायचं, सी मिळते. अडतं ते पाचव्या सुरावरच्या कॉर्डला. डी मेजर त्या हार्मोनिकात नाहीच. ४, ५, ६ ओढली की डी मायनर येते आणि ती ब्लूजमध्ये चुकल्यासारखी वाटते. तिथे मी जिभेने २ आणि ३ झाकून १ आणि ४ एकत्र ओढतो. दोन्ही छिद्रांत डी च आहे, एका सप्तकाच्या अंतराने. नुसता भरीव डी वाजतो, आणि वर सोलो घेताना एफ आणि एफ-शार्प दोन्ही बसतात.

श्वासाचा आवाजही रेकॉर्ड होतो. मला तो आवडतो, ठेक्याचं काम करतो.

रिमशॉट

मी जरा वेगळं सुचवतो. ड्रम असलेला लूपर का नको? बॉसच्या आरसी-५ मध्ये ५७ ठेके आहेत, ९९ मेमरी आहेत हे खरं, पण त्या वापरायची सक्ती नाही. ठेका पाठीशी असला की लूपची लांबी चुकत नाही. नवशिक्यांचं सगळं गाडं तिथेच अडतं. दुसरा दाब जरासा उशिरा पडला की प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ठेच लागते, आणि ती शेवटपर्यंत लागत राहते.

जुना_शफल

ठेच लागते हे खरं, पण त्यावर औषध ड्रम नव्हे असं मला वाटतं. शफलमध्ये ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, आणि ते किती असमान ठेवायचे हे गाण्यागणिक बदलतं. संथ गाण्यात उचल मागे रेलते, लय चढली की दोन्ही भाग जवळपास समान होतात. यंत्राचा शफल एका मापाचा. त्याच्यामागे गेलं की आपला हातही त्या मापाचा होतो. निळी_तार यांना रिदमचा हात घडवायचाय ना? मग तो हात आणि पाय यांच्यातच घडला पाहिजे.

ठेच घालवायची तर तीन गोष्टी करा. पहिली, रेकॉर्डिंग थंड हाताने सुरू करू नका. आधी दोन-तीन बार नुसते वाजवत राहा, लय अंगात भिनू द्या आणि मग पुढच्या समेवर बटण दाबा. दुसरी, शेवटी बटण दाबताना हात थांबवू नका. बहुतेकांची ठेच इथे लागते. बारावा बार संपत आला की लक्ष पायाकडे जातं आणि हात अडखळतो. तेराव्या बारची सम हाताने वाजवा आणि त्याच क्षणी पाय दाबा. जणू लूपर नाहीच, तुम्ही पुढचं आवर्तन सुरू केलंय. तिसरी, टाच जमिनीवर ठेवून फक्त चवड्याने दाबा. अख्खा पाय उचलून आणला की तो कधी पोचेल याचा नेम नसतो.

रिमशॉट

हाताने सम वाजवत पाय दाबणे, हे मान्य. माझ्या विद्यार्थ्यांना मी ड्रमवर सुरू करायला लावतो आणि पुढे तो काढून घेतो. दोन्ही वाटा तिथेच पोचतात. मात्र साधेपणा हीच अट असेल तर आरसी-५ चा आग्रह मी धरणार नाही. त्याच्या पडद्यावर बघत बसावं लागतं हे खरंच आहे.

काचनळी

सांध्याबद्दल आणखी एक. काही लूपर रेकॉर्डिंग संपलं की सरळ लूप वाजवायला लागतात, काही आधी थर चढवण्याच्या अवस्थेत जातात आणि आणखी एक दाब दिल्यावर नुसते वाजतात. पुष्कळ पेडलांत हा क्रम बदलता येतो. कटकटीचा वाटला तरी दुसऱ्या क्रमाचा एक मोठा फायदा आहे. बाराव्या बारमधली ई-सेव्हन घुमत असते, तिची शेपूट पुढच्या आवर्तनावर नैसर्गिकपणे रेकॉर्ड होते. पहिल्या क्रमात ती कात्रीने कापल्यासारखी तुटते. मी स्लाइड वाजवते, माझ्या सुरांना शेपूट मोठी, त्यामुळे मला हा फरक फार जाणवतो. तुम्ही तळहाताने तारा दाबून शफल वाजवत असाल तर काहीच फरक पडणार नाही.

पायठेका

कुणी विषयांतर म्हणेल, पण पेडल घेण्याआधी निळी_तार यांनी हा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं.

लूपर तुम्हाला बारा बारच्या चौकटीत बसवतो. ब्लूज नेहमीच त्या चौकटीत नव्हता. जॉन ली हूकर पायाने फळीवर ठेका धरून एकटेच गायचे, आणि कॉर्ड बदलायची ती ओळ संपली की, बार मोजून नाही. कित्येकदा सबंध गाणं एकाच कॉर्डवर. लाइटनिंग हॉपकिन्सचंही तसंच. साडेअकरा बार, तेरा बार, शब्द नेतील तिकडे. त्यांच्यामागे वाजवणाऱ्यांना डोळ्यांत तेल घालून त्यांच्या हाताकडे बघत बसावं लागे. लूपर असा कुणाच्या हाताकडे बघत नाही. रोज त्याच्यावरच वाजवलं की आपण श्वास घ्यायची जागाही तोच ठरवायला लागतो.

म्हणून माझा सल्ला, बारा बारच्या जोडीला एका कॉर्डचा लूप रोज करा. ई-सेव्हनवर दोनच बारांचा ठेका. त्याला सुरुवात-शेवट जाणवत नाही, त्यामुळे वर हवी तितकी लांब ओळ म्हणा, थांबा, उत्तर द्या. मोकळं वाजवण्याची सवय त्याने टिकते. आणि यासाठी स्वस्तातला स्वस्त पेडलही पुरून उरतो.

निळी_तार

पायठेका, ही पोस्ट जपून ठेवतोय. दोन बारांचा लूप हे डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी एक विचारतो. साथ रेकॉर्ड करताना आवाज किती ठेवायचा? मित्राकडच्या लूपरवर बघितलं तर सोलो सतत साथीखाली दबत होता.

जुना_शफल

लूपच्या आवाजाचं वेगळं, हाताने फिरवायचं बटण असतं, डिट्टोवर तर फिरवायचं तेवढं एकच आहे. पण त्याच्यावर सगळं सोडू नका. गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणि मानेकडचा पिकअप, अशी साथ रेकॉर्ड करा. सोलोला व्हॉल्यूम १० आणि ब्रिजचा पिकअप. आवाजाचा रंगच बदलतो, कान दोन माणसं ऐकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जागा वाटून घ्या. ए मध्ये वाजवताना साथ खालच्या तारांवर ठेवा. पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्या आणि चौथ्या पडद्यावर, तोच जुना ठेका. डी ला तेच एक तार पुढे, ई ला एक तार मागे. अख्ख्या सहा तारांच्या कॉर्ड रेकॉर्ड केल्या की पाचव्या पडद्यावरच्या सोलोला जागाच उरत नाही. दुसरा थर द्यायचाच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वरच्या तीन तारांचा आखूड फटका. तिसरा थर देऊ नका. ब्लूजला रिकामी जागा लागते.

सरळसोट

वापरलेला पेडल घेणार असाल तर बटण वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. एखादा दाब हुकला किंवा एका दाबाचे दोन झाले तर घेऊ नका. लूपरमध्ये सगळ्यात जास्त मार बटणच खातं. लूप न लावता गिटारचा आवाज पेडलमधून आणि पेडलशिवाय, दोन्ही ऐका. बटणाचा खट्ट आवाज किती येतो तेही बघा. अ‍ॅकूस्टिकसमोर माइक ठेवून वाजवणाऱ्याला तो ऐकू जातो.

निळी_तार

ठरलं. दोन बटणांचा घेतोय, वापरलेला. घरापुरतं एक बटण पुरलं असतं हे जुना_शफल यांचं म्हणणं पटलं, पण लोकांसमोर शेवट नीट व्हावा याची मला फार ओढ आहे. ड्रम नको. ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावेन आणि स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर देईन.

शेवटचा प्रश्न: थांबवण्याचं बटण वेगळं आहे, तर गाणं संपवताना ते बाराव्या बारच्या अखेरीस दाबायचं का?

पायठेका

नाही, अकराव्या बारच्या समेवर दाबा. साथ तिथे एकदम थांबते आणि शेवटचे दोन बार तुमचे एकट्याचे. तिथे टर्नअराउंड, म्हणजे आवर्तन संपवणारा शेवटचा तुकडा, हाताने वाजवायचा, लयीतच, हवी तर थोडी सैल सोडून. ए मध्ये असाल तर बाराव्या बारमध्ये बी-फ्लॅट-नाइन, तिथून अर्धा सूर खाली ए-नाइन, आणि कॉर्ड घुमू द्यायची. लूप आधीच गप्प असल्यामुळे ती कितीही वेळ धरता येते.

दहाव्या बारपासूनच चवडा बटणावर ठेवा.

काचनळी

आणि शेवटचं आवर्तन लागण्याआधी गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली घ्या. साथ थांबली की एकटी गिटार एकदम मोठी वाटते.